तारीख देणारे आणि तारीख पाळणारे

‘मॅनेजर मला न विचारता क्लायंटला तारीख देऊन टाकतात आणि ती हुकली की सगळ्या टीमसमोर मला जाब विचारतात. मी टीम लीड आहे की नुसता निरोप्या, हेच कळत नाही. रात्री झोप लागत नाही. नोकरी सोडून द्यावी का?’ माझ्याकडे येणाऱ्या तरुण नोकरदारांपैकी बरेच जण थोड्याफार फरकाने हाच प्रश्न घेऊन येतात. काही वेळा याच प्रश्नाची दुसरी बाजू येते. प्रोजेक्ट मॅनेजर सांगतात की टीम लीड खरी परिस्थिती शेवटच्या दिवसापर्यंत दडवून ठेवतो आणि मग क्लायंटसमोर त्यांना तोंडघशी पाडतो. दोन्ही तक्रारी एकाच कार्यालयातून, एकाच भांडणाविषयी येऊ शकतात, हे मात्र दोघांपैकी कोणालाही सुचलेले नसते.

जळगावात समुपदेशन करताना पूर्वी परीक्षेचा ताण, नवरा-बायकोतील बेबनाव, व्यसन, शेतीच्या कर्जाची काळजी हे विषय अधिक असत. मार्च २०२० नंतर पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतील कितीतरी मुले लॅपटॉप घेऊन खानदेशात परतली. काही घरूनच काम करत राहिली, काहींनी जळगाव-धुळ्यातील लहान सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी धरली, आणि आयटीतील ही भांडणेही त्यांच्याबरोबर आपल्या गावांत येऊन पोहोचली. त्यांतील एका प्रकरणाविषयी येथे लिहीत आहे. संबंधितांची परवानगी घेतली आहे. नावे बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

हेमंत तेहेतीस वर्षांचा, यावल तालुक्यातील एका केळी-बागायतदाराचा मुलगा. अभियांत्रिकीचे शिक्षण जळगावात, त्यानंतर काही वर्षे पुण्यात नोकरी, मग आई-वडिलांसाठी परत. जळगावातील ज्या कंपनीत तो टीम लीड होता, ती अमेरिकेतील एका मालवाहतूक कंपनीचे सॉफ्टवेअर सांभाळत असे. प्रोजेक्ट मॅनेजर संजय हे शिरपूरकडचे, त्रेचाळीस वर्षांचे आणि त्याच महाविद्यालयातील त्याचे सीनियर. हेमंत पुण्याहून परतायचे म्हणत होता तेव्हा त्यांनीच त्याच्यासाठी मालकांकडे शब्द टाकला होता. शिवाय हेमंतच्या मावसबहिणीचे सासर संजय यांच्याच भाऊबंदकीत होते. कार्यालयातही तो त्यांना ‘दादा’ म्हणत असे.

पहिल्या भेटीत मी भांडणाविषयी फार विचारले नाही. आधी झोप, भूक, वजन, पित्त, चिडचिड, दारू आणि तंबाखू यांची चौकशी केली. पहाटे तीनच्या सुमारास त्याला जाग येत असे आणि हात उशीजवळच्या फोनकडे जात असे. रविवारी दुपारनंतर पोटात गोळा येई. जगणे नकोसे झाल्याचे विचार मनात येतात का, हेही मी स्पष्ट शब्दांत विचारले. असे विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात, हा गैरसमज आहे, आणि न विचारणे अधिक धोक्याचे असते. तसे विचार नव्हते. उदासीनतेच्या आजाराची लक्षणे असती, तर मी त्याला प्रथम मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या करताना त्याला आजार न म्हणता कामाच्या संदर्भात उद्भवणारी अवस्था म्हटले. हेमंत त्या अवस्थेच्या वाटेवर होता, पण कामावरचा त्याचा जीव अद्याप उडालेला नव्हता. टीममधील मुलांविषयी बोलताना त्याचा आवाज बदलत होता, हे मला आशादायक वाटले.

भांडणाचे कारण त्याच्या मते अगदी साधे होते: संजयदादांचा स्वभाव. ‘त्यांना क्लायंटपुढे मोठेपणा मिरवायचा असतो, मॅडम. तारीख देताना मले इचारलं का कोनी?’ चिडला की तो प्रमाण मराठीतून घरच्या बोलीत जाई. माझ्यासमोर येणारी बहुतेक माणसे समोरच्याच्या स्वभावाचा असा निकाल लावूनच येतात. तो निकाल चुकीचाच असतो असे नाही, परंतु त्याचा उपयोग होत नाही, कारण त्रेचाळीस वर्षांच्या माणसाचा स्वभाव त्याच्या अनुपस्थितीत, माझ्या खोलीत बसून, बदलता येत नाही.

म्हणून मी त्याला एका वहीत प्रसंग लिहायला सांगितले. प्रत्येक प्रसंगासाठी तीन रकाने होते. पहिल्यात, कॅमेऱ्याने टिपले असते तेवढेच: कोण काय बोलले, कधी, कोणासमोर. दुसऱ्यात त्याने त्याचा काय अर्थ लावला. तिसऱ्यात त्या क्षणी त्याने स्वतः काय केले किंवा काय म्हटले. पहिले दोन रकाने लोक लवकर शिकतात. तिसरा भरताना हात अडखळतो.

हेमंतचाही अडखळला. बिलिंगच्या नव्या मॉड्यूलची तारीख संजय यांनी ‘परस्पर’ दिली, असे त्याने मला तावातावाने सांगितले होते. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा-साडेसात वाजतात तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजलेले असतात, त्यामुळे क्लायंटचे कॉल याच वेळी होत. त्या कॉलवर क्लायंटने विचारले, संजय यांनी पुढच्या महिन्याची पंधरा तारीख सांगितली, आणि त्याच कॉलवर हेमंत माइक बंद करून हजर होता. वहीत लिहिलेल्या इतर प्रसंगांपैकी काहींत खरोखरच त्याला कोणी विचारले नव्हते. काहींत मात्र आदल्या दिवशी विचारले होते आणि त्याने ‘बघू, होऊन जाईल’ असे उत्तर दिले होते. त्याच्या मनात त्या उत्तरात शंका होती. ऐकणाऱ्याला त्यात होकार ऐकू आला.

‘मग तुम्ही माइक चालू करून का बोलला नाहीत?’ असे मी विचारले, तेव्हा तो बराच वेळ खाली बघत राहिला आणि म्हणाला, ‘गोऱ्या लोकांसमोर दादांना खोटं पाडू का मी? त्यांनी मला इथं आणलं. उद्या ताईच्या सासरी गोष्ट गेली तर?’

या उत्तरात प्रकरणाचा निम्मा भाग होता. पुण्याच्या मोठ्या कंपनीत मॅनेजर हा फक्त मॅनेजर असतो; तेथे त्याला नकार देणे अवघड असले तरी त्या नकाराची झळ घरापर्यंत पोहोचत नाही. आपल्याकडे नोकरी, शिक्षण, सोयरिक आणि गाव हे सगळे एकमेकांत गुंतलेले असतात. ओळखीतून मिळालेली नोकरी आधार देते, अडचणीच्या वेळी धावून येणारी माणसे देते, आणि त्याच वेळी ‘मला हे जमणार नाही’ एवढे साधे वाक्य तोंडातून काढणे कठीण करून ठेवते. उपकाराची जाणीव चांगलीच, पण ती कामाच्या अंदाजात शिरली की अंदाज खोटा होतो. या गुंत्याला मी दोष देत नाही. मीही याच भागात राहते आणि त्याचे फायदे घेते.

वाईट बातमी सांगण्याचे टाळणे ही अर्थात खानदेशची मक्तेदारी नाही. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये प्रयोगांतून दाखवले होते की, माणसे चांगली बातमी जितक्या तत्परतेने पोहोचवतात तितकी वाईट बातमी पोहोचवत नाहीत, ती बातमी त्यांच्यामुळे घडलेली नसली तरीसुद्धा. ऐकणारा वरिष्ठ असेल आणि वर ऋणानुबंधही असेल, तर ही टाळाटाळ किती वाढत असेल याची कल्पना करता येते.

उरलेला निम्मा भाग हेमंतच्या मनाबाहेर, कंपनीच्या रचनेत होता, आणि तो समुपदेशकाने नजरेआड केला तर सगळा भार त्रास भोगणाऱ्या माणसावरच टाकला जातो. मिशिगन विद्यापीठातील रॉबर्ट काह्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये कामाच्या ठिकाणच्या ताणाचे दोन प्रमुख उगम मांडले होते. एकाच माणसाकडून परस्परांशी न जुळणाऱ्या अपेक्षा केल्या जाणे हा एक, आणि आपल्याकडून नेमके काय अपेक्षित आहे, आपला अधिकार कोठे संपतो, हेच स्पष्ट नसणे हा दुसरा. टीम लीडच्या जागेवर हे दोन्ही एकत्र नांदतात. तो स्वतः कोड लिहितो, इतरांचे तपासतो, नवख्यांना शिकवतो, रात्री सर्व्हर बंद पडला तर उठतो. माणसे त्याची म्हणवली जातात, पण त्यांची पगारवाढ तो ठरवत नाही, आणि काम त्याचे असले तरी त्याची मुदत तो ठरवत नाही. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला निष्कर्षही येथे लागू पडतो: कामाचा नुसता बोजा माणसाला तितका खचवत नाही, जितका मोठा बोजा आणि निर्णयाचे तुटपुंजे स्वातंत्र्य ही जोडी खचवते.

मी हेमंतला विचारले की, त्याच्या वडिलांच्या बागेतील केळी कापायची तारीख व्यापारी घरबसल्या ठरवतो का. तो हसला. ‘बागेत येऊन घड बघितल्याशिवाय बाबा त्याला गाडी बोलवू देत नाहीत. पण भाव आणि गाडी व्यापाऱ्याच्या हातात असते, म्हणून बाबाही अडून बसत नाहीत.’ मग आपणहूनच म्हणाला, ‘आमच्याकडे घड कोणी बघतच नाही. आणि मी बागेत उभा असून बोलत नाही.’ त्यानंतर आमच्या बोलण्यात संजय यांच्या स्वभावाचा विषय फारसा आला नाही. काम किती झाले आहे हे ज्याला माहीत होते त्याच्याकडे तारीख देण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्याच्याकडे अधिकार होता त्याच्यापर्यंत माहिती पोहोचत नव्हती. पुढच्या भेटींत आम्ही बोललो ते यावर.

अंदाजांविषयीही बोलणे आवश्यक होते, कारण टीम लीडना आपला स्वतःचा अंदाज अचूकच असतो असे वाटत असते. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल, असे विचारले होते. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. सगळेच बिनसले तर किती लागतील, या प्रश्नाचे सरासरी उत्तर सुमारे ४९ दिवस होते. प्रत्यक्षात सरासरी सुमारे ५५ दिवस लागले, म्हणजे सर्वांत वाईट कल्पनेपेक्षाही जास्त. हेमंतने आपल्या टीमच्या मागील कामांचे अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेले दिवस शेजारी-शेजारी मांडून पाहिले, तेव्हा दादांनी दिलेल्या तारखा जशा चुकल्या होत्या, तसे त्याचे स्वतःचे अंदाजही चुकलेले निघाले. तो जरा ओशाळला. मला वाटते, संजय यांच्यावरचा त्याचा राग त्या दिवशी पहिल्यांदा थोडा सैल झाला.

यानंतर आम्ही बोलण्याचा सराव केला. भांडण न करता आणि माघारही न घेता म्हणता येईल असे एक वाक्य त्याने स्वतः तयार केले: ‘दादा, पंधरा तारखेची खात्री मला आत्ता देता येत नाही. टीमशी बोलून उद्या दुपारपर्यंत लेखी कळवतो.’ यात नकार नाही, उद्धटपणा नाही, आणि ‘बघू’ही नाही. कागदावर ते सोपे दिसते. प्रत्यक्षात पहिल्या खेपेला त्याने हे वाक्य एकांतात न म्हणता सोमवारच्या सकाळच्या बैठकीत, सगळ्या टीमसमोर, इतके दिवस दाबलेल्या स्वरात म्हटले. संजय यांना ते लागले. ‘आता तू मला मॅनेजमेंट शिकवणार का?’ असे म्हणून ते बैठकीतून उठून गेले, आणि पुढचा आठवडा दोघांमध्ये फक्त ईमेलवर बोलणे झाले.

अनेक वर्षे गप्प राहिलेला माणूस बोलू लागतो तेव्हा पहिला आवाज असा चढाच निघतो. मी हेमंतला माफी मागायला सांगितले नाही. जे म्हटले ते योग्य होते, जेथे म्हटले ते ठिकाण चुकले, एवढेच त्याने संजय यांना समक्ष भेटून सांगावे, असे सुचवले. त्याने ते केले आणि बोलता-बोलता आपण समुपदेशकाकडे जात असल्याचेही सांगून टाकले. मला याची अपेक्षा नव्हती. संजय यांचा चार दिवसांनी फोन आला: ‘मॅडम, तुमच्याकडे दोघांना येता येतं का?’

एका अशिलाशी काम सुरू असताना त्याच्याच वरिष्ठाला वेगळे भेटणे मी टाळते, कारण मग कोणाचे गुपित कोणापासून राखायचे हा पेच उभा राहतो. म्हणून मी हेमंतची लेखी संमती घेतली, आणि दोघांना एकत्रच बोलावले. त्याने मला एकांतात सांगितलेले काहीही मी त्या बैठकीत आणणार नाही, हे दोघांसमोर स्पष्ट केले, आणि बैठकीचा खर्च कंपनीने देऊ नये अशी अट घातली. कंपनीच्या पैशाने झालेल्या बैठकीचा अहवाल उद्या कोणी मागू शकते.

संजय बसले तेव्हा त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे हेमंतच्या वर्तुळांइतकीच गडद होती. त्यांनी सांगितले ते बहुतेक टीम लीडना कधी ऐकायलाच मिळत नाही. करार करताना विक्री विभागाने टप्प्यांच्या तारखा लिहून दिलेल्या असतात. तो करार त्यांच्या हाती येतो तेव्हा सह्या होऊन गेलेल्या असतात. टप्पा हुकला तर क्लायंट बिलातून रक्कम कापतो, आणि त्या महिन्याचे पगार कसे भागवायचे याची चर्चा मालक त्यांच्याशी करतात. ‘मी तारीख देतो असं यांना वाटतं. मी फक्त आधीच दिलेली तारीख वाचून दाखवतो. आणि याला विचारलं की हा म्हणतो होईल. शुक्रवारी रात्री कळतं की झालं नाही. घरचा माणूस म्हणून आणला, आणि तोच मला अंधारात ठेवतो.’

हेमंतने कराराबद्दल प्रथमच ऐकले. तो म्हणाला, ‘दादा, हे मला कधी सांगितलंच नाही तुम्ही.’ त्यावर संजय म्हणाले, ‘तुला कशाला टेन्शन द्यायचं, म्हणून नाही सांगितलं.’

एकाने आदरापोटी बोलणे टाळले होते, दुसऱ्याने मायेपोटी. दोघांनाही वाटत होते की आपण दुसऱ्याला जपत आहोत. मी त्या ठिकाणी काही बोलले नाही, चहा सांगितला. अशा वेळी समुपदेशकाने लगेच अर्थ सांगायला सुरुवात केली की माणसे पुन्हा आपापल्या खुर्चीत ताठ होतात, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतरची चर्चा अगदी व्यावहारिक झाली आणि माझ्या दृष्टीने तीच महत्त्वाची होती. कॉलवर क्लायंटने नवी तारीख मागितली तर ती तेथेच द्यायची नाही, ‘उद्या कळवतो’ एवढेच सांगायचे, आणि हेमंतने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लेखी उत्तर द्यायचे, असे ठरले. ते उत्तर एका तारखेचे नसेल. लवकरात लवकर केव्हा आणि उशिरात उशिरा केव्हा, आणि कोणत्या गोष्टी वेळेवर मिळाल्या तर, असे असेल. करारातील टप्प्यांचे वेळापत्रक संजय यांनी हेमंतला दाखवायचे. काम मागे पडत असल्याची शंका आली की ती त्याच दिवशी सांगायची, खात्री होईपर्यंत थांबायचे नाही. आणि अशी शंका सांगितल्याबद्दल त्या बैठकीत जाब विचारायचा नाही. या शेवटच्या कलमावर संजय थोडे अडले. ‘मग कामात ढिलाई आली तर?’ असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्तही होता. शेवटी असे ठरले की शंका लवकर सांगितली असेल तर उपाय विचारायचा, उशिरा सांगितली असेल तर कारण विचारायचे.

आणखी एक गोष्ट हेमंतने धीर करून काढली. संजय टीममधील ज्युनियर मुलांना थेट फोन करून ‘एवढं छोटंसं करून टाक’ असे सांगत, आणि हेमंतला ते संध्याकाळी कळत असे. मुलांची पंचाईत व्हायची: मॅनेजरचे ऐकावे की लीडचे? बाहेरून किरकोळ दिसणारी ही सवय टीम लीडचा कणा सर्वांत लवकर मोडते, असे मी पाहिले आहे. संजय यांनी ते मान्य केले, पण मला वाटते, मनापासून नव्हे. पुढे त्यांच्या हातून हे अधूनमधून होतच राहिले.

बोलण्याने न सुटणारी एक गोष्टही त्या बैठकीत समोर आली. संजय यांचा वार्षिक बोनस टप्पे वेळेवर पुरे होण्यावर आणि बिल निघण्यावर अवलंबून होता. हेमंतचे अप्रेझल, म्हणजे वार्षिक मूल्यमापन, सॉफ्टवेअर क्लायंटच्या हाती गेल्यावर त्यात किती दोष सापडले यावर. मुदत जवळ आली की टेस्टिंगचे दिवस कापण्यात एकाचा फायदा होता आणि दुसऱ्याचे नुकसान. कंपनीनेच दोघांना वेगवेगळ्या दिशांना ओढणाऱ्या दोऱ्या बांधल्या असताना त्यांच्यातील भांडणाला ‘व्यक्तिमत्त्वांचा संघर्ष’ म्हणणे हा निव्वळ अन्याय आहे. मी मालकांशी बोलले नाही, तो माझा अधिकार नव्हता. दोघांनी मिळून मालकांना पत्र लिहिले. नव्या आर्थिक वर्षापासून बोनसचा काही भाग दोघांसाठी समान निकषांवर ठरेल, एवढे मालकांनी मान्य केले. अमेरिकेत सही होण्याआधी करारातील तारखा तांत्रिक लोकांना दाखवाव्यात, ही मागणी मात्र त्यांनी बाजूला ठेवली. स्पर्धेत तेवढा वेळ नसतो, असे त्यांचे म्हणणे होते.

काही महिन्यांनी हेमंत भेटला तेव्हा त्याची झोप बऱ्यापैकी सुधारली होती. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि सर्व्हर बंद पडला तर पाळीवर असलेल्या माणसानेच उठवायचे, ही सोय टीमने आपापसांत केली होती. तारखा अजूनही हुकत होत्या, पण हुकणार आहेत हे आठवडाभर आधी कळत होते. टीममधील एक हुशार मुलगी या ताणातून आधीच बाहेर पडून पुण्याला गेली होती, ती परत आली नाही. हेमंत आणि संजय यांचे पूर्वीसारखे घरोब्याचे बोलणेही परत आले नाही. दिवाळीच्या फराळाला एकमेकांकडे गेले, पण थोडेसे जपूनच. हेमंतला त्याचे वाईट वाटते. मला ते अंतर कामापुरते बरेच वाटते.

हा मार्ग सर्वांना लागू पडत नाही, हे सांगायला हवे. येथे दोन्ही माणसे मुळात सद्भावनेची होती. मॅनेजर शिवीगाळ करत असेल, जातीवरून किंवा घरच्यांवरून टोमणे मारत असेल, मुद्दाम एकट्यालाच कामातून वगळत असेल, तर ‘संवाद सुधारा’ हा सल्ला त्रास सोसणाऱ्याला आणखी एकटे पाडतो. तेथे तारीख-वारासह नोंदी ठेवाव्यात, ईमेल जपून ठेवावेत, एचआरकडे किंवा मालकाकडे लेखी तक्रार करावी आणि गरज पडली तर वकिलाचा सल्ला घ्यावा. महिलेशी लैंगिक स्वरूपाचे गैरवर्तन झाले असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि तक्रार साधारणतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते. त्याहून लहान आस्थापनांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. झोप उडाली आहे, मन लागत नाही, जीव नकोसा वाटतो अशी अवस्था असेल आणि जवळपास कोणी तज्ज्ञ नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. मराठीतूनही बोलता येते.

राहिला प्रश्न नोकरी सोडण्याचा. झोप उडालेली असताना आणि राग ताजा असताना राजीनामा लिहू नये, असे मी सांगते. शक्य असेल तर आधी आठ-दहा दिवसांची रजा घ्यावी. रजेनंतरही तेच वाटत असेल, किंवा स्पष्ट बोलूनही अधिकार आणि जबाबदारी यांची विभागणी जशीच्या तशी राहत असेल, तर सोडणे हा पराभव नाही. मात्र पुढच्या मुलाखतीत पगाराबरोबर आणखी दोन प्रश्न विचारून घ्यावेत: येथे क्लायंटला तारीख कोण देते, आणि ती देण्यापूर्वी कोणाला विचारले जाते.